दात्याचा हेतू आणि घेणाऱ्याचा मान : धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्त, पदाधिकारी आणि निधी-संकलनाचं काम पाहणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

एखादी घसघशीत देणगी येणार असली की तुमच्या बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, "पण यांना यातून काय साधायचंय?" मग तर्क सुरू होतात. करसवलत हवी असेल. नाव हवं असेल. जुनं काही धुऊन काढायचं असेल. शेवटी कुणीतरी म्हणतं, "जाऊ द्या, पैसा कामी येतोय ना," आणि ठराव मंजूर होतो. देणगीदारासमोर हात जोडायचे आणि त्याची पाठ फिरली की त्याच्या हेतूचा कीस काढायचा, ही आपल्या क्षेत्राची जुनी खोड आहे.

संस्थांच्या कचेऱ्यांत बसून देणगीदारांना पत्रं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या कामातून जे पाहिलं आणि या विषयावर जे वाचलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की आपण भलत्याच माणसाची झाडाझडती घेतो. देणगीदाराच्या मनात नेमकं काय आहे हे आपल्याला कधीच पुरतं कळणार नाही. पण देण्याच्या बदल्यात त्याला जे मिळतं, त्याची किंमत कोण मोजतं, हे आपल्याला नक्की कळू शकतं, कारण तो व्यवहार आपणच ठरवतो. तिकडे कुणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

आधी हेतूंबद्दल. "शेवटी प्रत्येक जण स्वतःसाठीच देतो," हे वाक्य आपल्याकडे शहाणपणाचं समजलं जातं. त्याचा मूळपुरुष म्हणून सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्स या इंग्लिश तत्त्वज्ञाकडे बोट दाखवतात. त्याची एक आठवण त्याचा चरित्रकार जॉन ऑब्रीने लिहून ठेवली आहे. रस्त्यात एका म्हाताऱ्या, दुबळ्या भिकाऱ्याला हॉब्सने पैसे दिले. शेजारी उभ्या असलेल्या धर्मगुरूने विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असते का? हॉब्स म्हणाला, हो, दिले असते. म्हाताऱ्याची ती दैना बघून मला यातना होत होत्या. माझ्या भिकेने त्याला थोडा आराम पडला आणि त्यामुळे मलाही.

हे उत्तर पुष्कळांना स्वार्थाची कबुली वाटतं. मला त्यात नेमकं उलटं दिसतं. म्हाताऱ्याचं काहीही झालं तरी ज्याला सोयरसुतक नाही, त्याला ती दैना बघून यातना का होतील? आणि म्हाताऱ्याला आराम पडल्यावर त्याला बरं का वाटेल? जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने 1726 मध्ये छापलेल्या प्रवचनांत स्वार्थवाद्यांना जे उत्तर दिलं त्याचं सार हेच आहे. समाधान मिळायला आधी कशाची तरी आस असावी लागते. दुसऱ्याचं भलं व्हावं अशी आस असेल तरच ते झाल्यावर समाधान मिळतं. म्हणजे देणाऱ्याला बरं वाटलं, एवढ्यावरून तो स्वार्थी ठरत नाही.

तर्क बाजूला ठेवून कुणी हे तपासून पाहिलं का? पाहिलं. कॅन्सस विद्यापीठातल्या डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात. प्रयोगात सहभागी झालेल्यांना पडद्यावर एक तरुणी विजेचे झटके सोसताना दिसे. (ते खरे नव्हते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) काहींना सांगितलेलं असे की तुम्ही सुरुवातीचा थोडा भाग बघून निघून जाऊ शकता, काहींना शेवटपर्यंत बघत बसावं लागणार होतं. मग विचारलं जाई, तिच्या जागी तुम्ही बसाल का? माणूस फक्त स्वतःची तगमग थांबवण्यासाठी मदत करत असेल, तर दार उघडं असताना तो सरळ निघून जाईल. ज्यांना तिच्याबद्दल फारसं काही वाटलं नव्हतं, त्यांच्यातले बरेच जण तसे गेलेही. पण ज्यांचा जीव तिच्यासाठी कळवळला होता, त्यांच्यातल्या बहुतेकांनी जायची मोकळीक असूनही तिची जागा घ्यायची तयारी दाखवली. पुढे रॉबर्ट चालडिनी यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी यावर हरकती घेतल्या आणि तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. तरी "सगळेच स्वार्थी" असं छातीठोकपणे म्हणायची सोय त्या प्रयोगांनी संपवली, असं माझं मत आहे.

दुसऱ्या टोकाला, निव्वळ निःस्वार्थाची कल्पनाही टिकत नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी 1989 आणि 1990 मधल्या निबंधांत ते साध्या हिशेबाने दाखवलं. समजा, मला फक्त गरजूला मदत मिळायला हवी आहे. ती कुणी दिली याच्याशी मला देणंघेणं नाही. मग दुसऱ्या कुणी किंवा सरकारने तेवढीच रक्कम दिली की मी माझा हात तेवढाच आखडता घ्यायला हवा. प्रत्यक्षात लोक तेवढा आखडता घेत नाहीत. "मी दिलं" या भावनेची एक ऊब असते आणि तीही त्यांना हवी असते.

या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र नांदतात, हे 2007 मधल्या एका अभ्यासाने दाखवलं. ऑरेगॉन विद्यापीठातल्या विल्यम हार्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रत्येकी 100 डॉलर दिले आणि गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेकडे त्यातले पैसे जाताना त्यांच्या मेंदूत काय घडतं ते टिपलं. कधी पैसे करासारखे सक्तीने कापले जात, कधी देणं-न देणं त्यांच्या मर्जीवर असे. सक्तीने गेले तरीही, बक्षीस मिळाल्यावर मेंदूचे जे भाग उजळतात, ते उजळले. म्हणजे गरजूला मिळालं याचंच बरं वाटलं. स्वतःच्या मर्जीने दिले तेव्हा ते आणखी उजळले. म्हणजे ऊबही खरी. आता बैठकीत बसून आपण या माणसाचा कुठला हेतू खरा ठरवणार?

नावाच्या हौसेचंही तसंच. ती आहे, आणि भरपूर आहे. देणगीदारांच्या याद्या रकमांच्या गटांनुसार छापल्या की लोक गटाच्या अगदी खालच्या पायरीवर गर्दी करतात. अमिहाई ग्लेझर आणि काइ कोनराड या अर्थतज्ज्ञांनी 1996 मध्ये हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या निधीची आकडेवारी मांडली होती. 500 ते 999 डॉलरच्या गटातल्या 93 टक्के देणग्या बरोबर 500 डॉलरच्या होत्या. यादीत नाव यायला जेवढे लागतात तेवढेच! बर्नार्ड मँडेव्हिल या लेखकाने तर 1723 मध्येच लिहून ठेवलं होतं की साऱ्या सद्गुणांनी मिळून बांधली नसतील एवढी इस्पितळं गर्वाने आणि प्रतिष्ठेच्या हव्यासाने बांधली आहेत. त्याने ते खवचटपणे लिहिलं. पण त्या इस्पितळात ज्याचा ताप उतरला, त्याचा ताप खरोखरच उतरला. खाटेवर पडलेल्या माणसाला कोनशिलेवरच्या नावाने काही इजा होत नाही. म्हणून नावासाठी देणाऱ्याचा मला राग येत नाही, आणि तुम्हीही तो मनात धरू नये.

आपण तो धरतो, हे मात्र खरं. येल विद्यापीठातल्या जॉर्ज न्यूमन आणि डेलियन केन यांनी 2014 मध्ये या वृत्तीवरच बोट ठेवलं. एक माणूस एका स्त्रीचं मन जिंकण्यासाठी ती काम करते त्या बेघरांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक होतो. दुसरा त्याच कारणासाठी ती काम करते त्या कॉफीच्या दुकानात कामाला लागतो. लोकांनी निवाऱ्यातल्या माणसाला जास्त खालचा दर्जा दिला. त्याच्या हातून निदान बेघरांचं काही भलं झालं होतं, दुसऱ्याच्या हातून काहीच नाही. तरीही! काहीच न करणाऱ्याला सोडून द्यायचं आणि थोडं स्वतःसाठी, थोडं दुसऱ्यासाठी करणाऱ्याला झोडपायचं, हा न्याय मला मुळीच पटत नाही.

जुने लोक याबाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार होते. तैत्तिरीय उपनिषदातला शिकवणीचा भाग बघा. श्रद्धेने द्यावं असं सांगून तो थांबत नाही. लाजेने द्यावं, भीतीनेही द्यावं, असं तो सांगतो. माणूस कोणकोणत्या कारणांनी देतो हे त्या ऋषींना ठाऊक होतं आणि त्यांनी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या तीन प्रती आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा कष्टी होऊन दिलेलं राजस. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तिसऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. तामस दान कोणतं? चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, अपात्राला दिलेलं, आणि आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेलं. म्हणजे फळाची आशा धरून देणारा मधल्या पायरीवर आहे आणि घेणाऱ्याचा पाणउतारा करून देणारा सगळ्यांत खाली.

बाराव्या शतकातले ज्यू विद्वान मायमोनिडीझ यांची दानाची आठ पायऱ्यांची शिडीही जवळपास हेच सांगते. तिच्या तळाशी आहे नाखुशीने देणं. त्याच्या वर आहे द्यायला हवं त्यापेक्षा कमी, पण हसतमुखाने देणं. मागण्याआधी देणं हे मागितल्यावर देण्याच्या वर. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळखच नसणं, ही वरून दुसरी पायरी. आणि सगळ्यांत वर, कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम मिळवून देऊन समोरच्याला पुन्हा हात पसरावाच लागणार नाही असं करणं. वर चढताना प्रत्येक पायरीला काय कमी होत जातं ते पाहा. घेणाऱ्याची लाज कमी होत जाते.

आता आपल्या कचेरीकडे येऊ.

एका संस्थेच्या शिष्यवृत्ती वाटपाच्या कार्यक्रमात मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. मुलांना दोन तास आधी बोलावून पहिल्या रांगांत बसवलं होतं. मागे त्यांच्याच शाळेतली बाकीची मुलं होती. सूत्रसंचालक एकेकाचं नाव पुकारत होता आणि नावापाठोपाठ माहिती वाचत होता. वडील नाहीत, आई आजारी, घरात कमावतं कुणी नाही. एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी वर आली. मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशाचं एक टोक देणगीदारांच्या हातात, एक तिच्या हातात. छायाचित्रकार म्हणाला, "इकडे बघ, बाळा." तिने बघितलं नाही. तिचे डोळे तिच्या वर्गाच्या रांगेवर खिळले होते, आपल्या घरची हकीकत आता कोणाकोणाला कळली हे ती मोजत होती. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने मान वळवली आणि छायाचित्र निघालं. कार्यक्रमानंतर ते देणगीदार माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "घरची माहिती वाचायची काही गरज होती का?"

त्यांनी ती मागितलीच नव्हती. कार्यक्रमाची रूपरेषा आपण आखली होती. देणगीदाराला कृतार्थ वाटलं पाहिजे, पुढच्या वर्षीही त्याने यावं, म्हणून त्या मुलीची खाजगी हकीकत आपण त्याला भेट म्हणून दिली. ती आपली नव्हतीच!

माझं सगळं म्हणणं यात आलं. देणगीदाराला बदल्यात काही द्यायचं असेल तर संस्थेने स्वतःचं द्यावं. इमारत संस्थेची आहे, तिच्यावर नाव लावा. वार्षिक अहवालाची पानं संस्थेची आहेत, त्यांत छापा. सत्कार करा, शाल द्या, मानपत्र द्या, मनापासून आभाराचं पत्र लिहा. पण लाभार्थ्याचा चेहरा, त्याच्या घरची गोष्ट, त्याची कृतज्ञता यांवर आपला काडीचाही हक्क नाही. देणगीदाराचा स्वार्थ केवढाही असो, त्याची भरपाई आपल्या पदरातून होत असेल तर मला तो चालतो. ती गरजूच्या पदरातून होते तेव्हा देणगीदार अगदी संत असला, तरी व्यवहार वाईटच.

मदतीच्या अर्जाचं शेवटचं पान काढून बघा. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: "माझे किंवा माझ्या पाल्याचे छायाचित्र व माहिती प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी हरकत नाही." तिच्यासाठी वेगळी सही नसते, अर्जाखालच्या सहीतच ती येऊन जाते. ज्याच्या आईचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं आहे, तो ती ओळ खोडून अर्ज देईल का? नाही म्हणायची ज्याची सोय नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. तीच गोष्ट फळ्यावर लिहून दिलेल्या आणि मुलांनी उतरवून काढलेल्या आभारपत्रांची. ती पत्रं पाकिटात घालायचं काम मी केलं आहे. तिसाच्या तीस पत्रांत तेच शब्द, फक्त अक्षर वेगळं.

तुम्ही म्हणाल, दुःख दाखवल्याशिवाय पैसा येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी 2007 मध्ये दाखवलं की मालीमधल्या एका सात वर्षांच्या मुलीचं नाव आणि चित्र दाखवल्यावर लोकांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, तर लाखोंच्या उपासमारीचे आकडे वाचून 1.14. त्या मुलीच्या गोष्टीला आकडे जोडले तर रक्कम 1.43 पर्यंत खाली आली. एका चेहऱ्यापुढे माणूस पाघळतो, आकड्यांपुढे नाही. पण यावरून एक चेहरा लागतो एवढंच सिद्ध होतं. तो केविलवाणाच हवा, हे कुठे सिद्ध होतं?

उलट 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला नैरोबीचा अभ्यास बघा. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या 565 जणांना रोख मदत देताना तीन वेगवेगळे संदेश दिले गेले. काहींना सांगितलं, ही गरिबी हटवण्यासाठीची मदत आहे. काहींना, तुम्ही स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. काहींना, तुमच्या समाजाला तुम्ही पुढे न्यावं म्हणून. पैसे सगळ्यांना सारखेच. उरलेले दोन्ही संदेश ऐकलेल्यांचा स्वतःवरचा विश्वास गरिबीचा संदेश ऐकलेल्यांपेक्षा जास्त होता. समाजाबद्दलचा संदेश मिळालेल्यांना मदत घेण्याची लाज कमी वाटली, आणि करमणुकीऐवजी धंद्याचं कौशल्य शिकवणाऱ्या चित्रफिती बघणं त्यांनी जास्त पसंत केलं. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. घेणाऱ्यांना मानवलेला हा संदेश देणगीदारांपुढे ठेवला, तेव्हा त्यांची देण्याची तयारी कमी झाली नाही. गरजूला दीन दाखवल्याखेरीज देणगी मिळत नाही, या समजुतीवर आपण किती जणांच्या माना खाली घालायला लावल्या, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

देणगीदाराचा हेतू काही तयार होऊन आपल्या दारात येत नाही, हेही लक्षात घ्या. आपण जसं मागतो तसा तो घडतो. स्वीडनमध्ये कार्ल मेलस्ट्रॉम आणि मॅग्नस योहानेसन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तदाते होण्यासाठीच्या तपासणीला पैसे देऊ केले, तेव्हा तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर घसरलं. ते पैसे एखाद्या सेवाकार्याला देता येतील असं सांगितल्यावर ते पुन्हा पूर्वपदावर आलं. पुरुषांत असा फरक दिसला नाही, पण स्त्रियांचं घसरणं डोळे उघडणारं आहे. चांगला हेतू घेऊन आलेल्याला आपण मोबदला दाखवला तर तो दुखावून परतही जातो. दडपणाचंही असंच. स्टेफानो डेलाविग्ना, जॉन लिस्ट आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी 2012 मध्ये दाखवलं की देणगी मागायला कधी येणार हे आधी चिठ्ठी लावून कळवलं, तर दार उघडणारी घरं 9 ते 25 टक्क्यांनी घटतात. चिठ्ठीवर "येऊ नका" अशी खूण करायची सोय दिली तर देणग्या 28 ते 42 टक्क्यांनी घटतात. म्हणजे आपल्या खात्यात जमा होणाऱ्या रकमेतला मोठा वाटा तोंडावर नाही म्हणता न आल्याचा असतो. असा पैसा घ्यावा की नाही यावर माझं ठाम मत नाही. पण तो गोळा करणाऱ्यांनी दात्याच्या हेतूवर बोलू नये, याबद्दल मात्र आहे.

काही देणग्या नाकाराव्यातच लागतात, आणि तिथेही माझी कसोटी हीच. ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावू शकणारं वेदनाशामक बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीने 2007 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. कंपनीच्या तेव्हाच्या मालक सॅकलर कुटुंबाचं नाव पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाने 2019 मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2021 मध्ये आपल्या दालनांवरून काढलं. त्या कुटुंबाला कलेवर खरं प्रेम असेलही. पण त्या दालनांवरच्या नावाची किंमत संग्रहालयाबाहेर, व्यसनात अडकलेल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोजली होती.

माझी मागणी फार मोठी नाही. अर्जावरची ती ओळ काढा. छायाचित्र हवंच असेल तर मदत हातात पडल्यावर, काही महिने उलटल्यावर, वेगळ्या कागदावर विचारा, आणि नकार दिला तरी काही बिघडत नाही हे तोंडाने सांगा. मदत देणं आणि देणगीदाराचा सत्कार हे दोन कार्यक्रम वेगळे करा; पहिल्याला व्यासपीठ लागत नाही. आभाराचं पत्र संस्थेच्या नावाने तुम्हीच लिहा. लहान रकमेच्या पावतीसोबतही दोन ओळी हाताने लिहायला वेळ काढा, कारण नावाची अपेक्षा न ठेवता दिलेला पैसा बहुधा तिथेच असतो. आणि पुढचं देणगीचं आवाहन छापायला जाण्याआधी, पूर्वी मदत घेतलेल्या दोघा-तिघांना बैठकीला बोलावा. कागद त्यांच्या हातात द्या, त्यांना वाचू द्या, आणि ज्या ओळीला ते नको म्हणतील ती तिथल्या तिथे काढा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एवढा एक विषय घ्यावा, ही विनंती.

आपली,
तुमच्याच क्षेत्रात पत्रं लिहीत आलेली एक कार्यकर्ती